मोटर सोडवून बघ आधी

मॉडेल रेल्वेच्या लेआउटच्या, म्हणजे रूळ-गावं मांडलेल्या फळीच्या खाली उताणं पडायचं, तोंडात छोटा टॉर्च धरायचा, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हाताने वायरींचा गुंता बाजूला सारत वर बघत राहायचं, ही पोझ आता इतकी अंगवळणी पडलीये की वरून आपला लेआउट दिसतो कसा हे कधी कधी मीच विसरतो. वर डोंगर आहे, बोगदा आहे, पवनचक्की आहे, १:८७ मापाची माणसं वर्षानुवर्षं एकाच गाडीची वाट बघत स्टेशनवर उभी आहेत. खाली मात्र प्लायवूडचा उघडा तळ, सोल्डरचे थेंब, कुठे कुठे चिकटपट्टी, आणि जागोजागी पेन्सिलीने लिहिलेलं माझंच अक्षर. "लाल वायर = फाटक खाली." "इथे ड्रिल मारू नको!!" आणि एका कोपऱ्यात नुसतंच "का?" हा का कशाबद्दल होता ते आता आठवत नाही, पण पुसावासाही वाटत नाही.

तर गेल्या आठवड्यात फाटक अडकलं. लेव्हल क्रॉसिंगचं फाटक, दोन दांडे, दोन्हींना खालून पोलादी तारा आणि त्या तारा ओढणारी एकच सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून तिथेच थांबणारी. बटण दाबलं की दोन्ही दांडे सावकाश खाली यायचे, निदान यायचे असं माझं म्हणणं होतं. त्या दिवशी भाचा आला होता, त्याने बटण दाबलं, उजवा दांडा शहाण्यासारखा खाली आला आणि डावा अर्ध्यातच थांबून थरथरायला लागला. खालून बारीक गुंईंऽऽ असा आवाज. भाच्याने कान लावून ऐकलं आणि एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "मामा, मोटर गेली."

मला हसू आलं, कारण हेच वाक्य मी स्वतः पहिली दहा वर्षं म्हणत आलोय. काहीही हललं नाही की मोटर गेली. आणि त्या दहा वर्षांत खरंच गेलेल्या मोटरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्याही निम्म्या मीच घालवलेल्या.

पवनचक्कीची गोष्ट सांगतो. छान फिरायची, मग हळूहळू मंद झाली, मग एक दिवस ढिम्म. मी काय केलं, तर व्होल्टेज वाढवलं. थोडी फिरली, परत थांबली, म्हणून अजून वाढवलं. मग वास आला. ज्याने एकदा जळक्या वार्निशचा वास घेतलाय तो जन्मभर विसरत नाही. आता हे का होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. डीसी मोटर फिरत असते तेव्हा ती आत स्वतःच एक उलटं व्होल्टेज तयार करत असते आणि त्यामुळे तिच्यातून जाणारा करंट आटोक्यात राहतो. ती अडकली, फिरायची थांबली, की हे उलटं व्होल्टेज शून्य. मग करंटला अडवायला उरतो फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स, आणि जेवढी वीज आत जाते ती सगळीच्या सगळी उष्णता होते. म्हणजे अडकलेल्या मोटरला जास्त व्होल्टेज देणं हे दमून बसलेल्या माणसाच्या पाठीवर अजून एक पोतं टाकण्यासारखं आहे, आणि मी तर दोन टाकली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं, पण मी ती उघडली. मागच्या झाकणाचे दोन पत्र्याचे कान सरळ केले, झाकण ओढलं आणि टिक् असा आवाज होऊन काहीतरी उडालं. तो कार्बनचा ब्रश होता, तांदळाच्या दाण्याहून लहान. अर्धा तास जमिनीवर रांगलो, मॅग्नेट फिरवला (कार्बन मॅग्नेटला चिकटत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे, तरी फिरवला), सापडला नाही तो नाहीच. शेवटी नवी मोटर बसवली, वायरी जोडल्या, स्विच ऑन केला. पवनचक्की ढिम्म.

तेव्हा कुठे मी पात्याला बोट लावलं. फिरेना. भिंग घेऊन पाहिलं तर पात्याच्या दांड्याभोवती, जिथे तो पितळी बुशमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या नळीत, जातो अगदी तिथेच, लेआउटवर गवत म्हणून लावतात ते नायलॉनचे बारीक तंतू गुंडाळले गेलेले. माझ्याच हाताने पेरलेलं गवत. पवनचक्की फिरत राहिली, सैल झालेले तंतू ओढत राहिली आणि इतका घट्ट पीळ बसला की दांडा बुशमध्येच आवळला गेला. सुईच्या टोकाने दोन मिनिटांत निघालं सगळं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! जुनी मोटर बिचारी शेवटच्या श्वासापर्यंत आपलं काम करत होती.

त्या दिवसापासून लेआउटच्या खाली मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "मोटर सोडवून बघ आधी." म्हणजे काय, तर मोटर आणि ती जे हलवते ते, यांची जोडणी सोडायची. तार असेल तर तार काढायची, कपलिंग असेल तर त्याचा स्क्रू सैल करायचा. मग मोटर एकटी चालवून बघायची, आणि ती वस्तू बोटाने एकटी हलवून बघायची. दहापैकी आठ वेळा तरी मोटर एकटी मजेत फिरते आणि वस्तूच अडत असते. बोटाला जे कळतं ते मीटरला कळत नाही. एका ठराविक जागी थोडं जड लागलं तर काहीतरी घासतंय, सगळीकडे सारखंच जड असेल तर ग्रीस सुकलंय नाहीतर बुश तिरकं बसलंय, आणि दर फेरीला एकदा, अगदी त्याच जागी टक् असं होत असेल तर प्लास्टिकच्या गिअरला चीर गेलीये. या शेवटच्याने मला बराच काळ फसवलं. धातूच्या दांड्यावर प्लास्टिकचा गिअर घट्ट ठोकून बसवलेला असतो, तो सतत ताणाखाली असतो, वर्षं गेली की दोन दातांच्या मधून केसाएवढी चीर पडते, त्या दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि पुढचा दात तिथे आला की अडखळतो. बघायला गिअर धडधाकट दिसतो. चिकटवायच्या फंदात पडू नका, मी पडलोय, बदलायचा सरळ.

बरं, हळू चालवण्याबद्दल. लेआउटवरच्या हलत्या गोष्टींचा खरा शत्रू म्हणजे घाई. आकाशपाळणा मिक्सरसारखा गरगरतोय, क्रेनचा हुक दगड टाकल्यासारखा खाली येतोय, असं काही दिसलं की माझा मूडच जातो. बरेच लोक अशा वेळी व्होल्टेज कमी करतात आणि मग तक्रार करतात की सुरूच होत नाही, हाताने ढकलावं लागतं. होणारच. स्थिर वस्तूला हलवायला जोर जास्त लागतो, एकदा हलली की कमी पुरतो, त्यामुळे ज्या व्होल्टेजला ती छान हळू फिरते त्या व्होल्टेजला ती जागची उठतच नाही. आणि उठली तरी अंगात ताकद नसते, जरा धूळ आडवी आली की थांबली. मोटरला उपाशी ठेवून हळू करायचं नसतं, मोटर आपल्या मजेने फिरू द्यायची आणि मधे गिअर घालायचे. गिअरबॉक्स लावलेली छोटी मोटर, मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांची, तिच्यावर आकाशपाळणा चढवला की काय राजेशाही फिरतो! रबर बँडचा पट्टा असेल तर तो मात्र बदलत राहावा लागतो. रबर बसल्या जागी म्हातारं होतं, आधी सैल पडतं, मग चिकट होतं आणि शेवटी तुकडे होतात. मी आता त्याजागी रबरी ओ-रिंग घालतो.

सांध्यांचं प्रकरण वेगळंच. रूळ बदलणाऱ्या मोटरी दोन स्वभावाच्या असतात. एक कॉइलवाली, खाट्कन एका झटक्यात सांधा बदलणारी. तिला वीज हवी असते क्षणभरच, पण त्या क्षणाला भरपूर. बटण अडकून राहिलं तर कॉइल जळलीच म्हणून समजा. त्यावर उपाय म्हणजे मधे कॅपॅसिटरची एक छोटी पेटी लावायची, त्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठते, बटण दाबलं की एकदम रिकामी होते, आणि मग बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी मागून फक्त बारीकशी धार येत राहते. दुसरा स्वभाव सावकाश चालणाऱ्या स्टॉल मोटरीचा. ही दोन-तीन सेकंद घेऊन सांधा हळूच सरकवते आणि टोकाला पोचल्यावर बंद होत नाही, तिथेच दाब देत अडून उभी राहते. मगाशी म्हटलं ना की अडकलेली मोटर जळते, तर ही मुद्दाम अशी बनवलेली असते की अडली तरी जळत नाही. टॉर्टॉइझ नावाची प्रसिद्ध मोटर आहे, ती १२ व्होल्टला अडलेल्या अवस्थेत जेमतेम १६ मिलिअँपिअर घेते. दिवसभर उभी राहा म्हटलं तर राहील. कासव नाव अगदी शोभतं.

या कासवाला एक सरकता टेकू असतो आणि सगळी गंमत तिथे आहे. मोटरीतून निघणारी स्प्रिंगची तार त्या टेकूतून वर जाते आणि सांध्याच्या आडव्या पट्टीत शिरते. टेकू वर सरकवला की तारेच्या वरच्या टोकाची चाल कमी होते आणि दाब वाढतो, खाली सरकवला की चाल वाढते पण जोर घटतो. साधी तरफ आहे, शाळेतलीच. पण प्रत्यक्षात तो टेकू एक मिलिमीटर हलवायला मी आडवा पडून पाऊण तास घालवलेला आहे. दाब कमी पडला तर सांध्याची पात रुळाला पूर्ण टेकत नाही आणि डब्याचं चाक नेमकं त्या फटीत शिरतं. दाब जास्त झाला तर पट्टीला पात जोडणारं सोल्डर सुटतं. माझी पारख अशी की, पात टेकली की बोटाच्या नखाने ती मागे ओढून बघायची, सोडल्यावर टिक् करून परत बसली पाहिजे. तो टिक् ऐकू आला की मी टेकूला हात लावत नाही.

आणि टर्नटेबल. इंजिन वळवायचा तो गोल फिरता पूल. त्याच्याबद्दल मी मनापासून वैतागून लिहू शकतो. माझ्या टर्नटेबलचा पूल ३०० मिलिमीटर लांब आहे, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत १५०. आता हिशोब करा, मध्यभागी एक अंशाची चूक झाली तर टोकाला रूळ २.६ मिलिमीटर बाजूला जातो. दोन रुळांमधलं अंतरच एचओमध्ये, म्हणजे या १:८७ मापात, १६.५ मिलिमीटर, त्यात अडीच मिलिमीटरची चूक म्हणजे इंजिन सरळ खड्ड्यात. दशांश अंशाने चुकलं तरी पाव मिलिमीटर, आणि तेवढं मला डोळ्याने दिसतं, चाकाला तर दिसतंच. स्टेपर मोटर लावली, फेरीला २०० पावलं. एक पाऊल १.८ अंशाचं, म्हणजे टोकाला पावणेपाच मिलिमीटर! थेट जोडून काही उपयोगच नाही. मग खाली गिअर घातले, एका पावलाचे इलेक्ट्रॉनिक तुकडे पाडले, सगळं नीट झालं, तरी पूल कधी बरोबर थांबायचा, कधी केसभर अलीकडे.

महिनाभर मी प्रोग्रॅम तपासत होतो. शेवटी लक्षात आलं की उजवीकडून आला की बरोबर थांबतो आणि डावीकडून आला की चुकतो. गिअरच्या दातांमध्ये जी बारीकशी मोकळी चाल असते, प्ले म्हणतात तो, दिशा बदलली की आधी तो भरून निघतो आणि मग पूल हलायला लागतो. दात अजून घट्ट बसवून बघितले, तर पूल जड झाला आणि मोटर पावलं गाळायला लागली. म्हणजे ती मोकळीक काढून टाकायची नव्हती, हिशोबात धरायची होती. आता माझा पूल कुठल्याही रुळाशी जाताना नेहमी उजवीकडूनच येतो. डावीकडून यायचं असेल तर थोडा पुढे निघून जातो आणि परत फिरून जागेवर येतो. बघणाऱ्याला वाटतं चुकला आणि सुधारला. तसं वाटलं तर वाटू दे.

तेलाबद्दल एकच सांगतो, कमी. आणि त्याहून कमी. सुईच्या टोकावर राहील तेवढा थेंब बुशला, गिअरला प्लास्टिकला चालणारं ग्रीस पुसटसं, आणि मोटरच्या कम्युटेटरला, म्हणजे कार्बनचा ब्रश ज्या फिरत्या पट्ट्यांवर घासतो त्यांना, काहीही नाही. तिथे तेल गेलं की कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते, काळा चिखल होतो, तो पट्ट्यांमधल्या फटीत बसतो आणि मोटर आतल्या आत शॉर्ट व्हायला लागते. साफ करायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टोकदार लाकडी काडी. कॉइलच्या आत ये-जा करणारा लोखंडी दांडा असेल तर तो कोरडाच बरा. मी एकदा दयाबुद्धीने त्याला तेल पाजलं, दोन महिने लोण्यासारखा चालला आणि मग धूळ खाऊन असा चिकटला की ठोकून काढावा लागला.

आणि जुन्या खेळण्यांमध्ये तर मोटरच नसायची कितीतरी वेळा. लायनेल या अमेरिकन खेळणी-रेल्वे कंपनीचा १९४७ चा तो दुधाच्या गाडीचा डबा, दारातून एक माणूस दुधाचे कॅन बाहेर फलाटावर ढकलतो तो, सगळा एका कॉइलच्या जोरावर. काही ठिकाणी तर खेळण्यातली गुरं चालवायला नुसता थरथराट वापरलाय. एसी विजेवर कॉइल सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा पत्रा ओढते आणि सोडते, गुरांच्या तळाला ब्रशसारखे तिरके केस, थरथर झाली की ते केस एकाच बाजूला ढकलतात आणि गुरं डुलत डुलत पुढे सरकतात. अशा खेळण्याचं ॲडजस्टमेंट म्हणजे पाणसळ आणि धीर. पत्रा जरा तिरका असला की सगळी गुरं कोपऱ्यात जाऊन तोंड खुपसून उभी, आणि व्होल्टेज जरा जास्त झालं की आडवी.

मला गंमत वाटते ती या खालच्या जगाची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ सालापासून एक मॉडेल रेल्वे क्लब आहे. तिथे एक गट वरचे डोंगर-गावं सजवायचा आणि दुसरा, सिग्नल्स अँड पॉवरवाला, टेबलाच्या खाली टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, जोडत बसायचा. हॅक हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो या खालच्या मंडळींच्या बोलण्यातून पुढे संगणकात गेला. हॅम्बुर्गला २००१ साली उघडलेल्या मिनिआटुर वुंडरलांड या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात तर बघणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी बटणं ठेवलीत, दाबलं की काहीतरी हलतं. दिवसभर माणसं दाबत असतात. मला त्यांचे देखावे बघण्यापेक्षा खालून जाऊन बघायचंय, कुठे काय लिहून ठेवलंय ते.

असो. फाटक राहिलंच. भाच्याला म्हटलं, ये खाली. तो एका उडीत आला, मला मात्र हल्ली गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. सर्वोच्या हातातून डावी तार सोडवली. "आता दाब बटण." सर्वो गुपचूप इकडून तिकडे गेला, गुंईं नाही, थरथर नाही. "म्हणजे मोटर चांगलीये?" त्याचा चेहरा जरा पडलाच. मग त्याला ती तार बोटात धरून वर-खाली करायला लावली. "इथे अडतंय मामा. इथेच. परत इथेच." वर येऊन दिवा जवळ धरला. फळीला तारेसाठी भोक आहे, जेमतेम तीन मिलिमीटरचं, आणि महिन्यापूर्वी मी शेजारच्या रुळाला नवी खडी टाकून पातळ केलेला फेव्हिकॉल सोडला होता. त्यातला एक ओघळ त्या भोकात उतरलेला, आणि त्याला चिकटून खडीचा एक कण, मोहरीच्या अर्धाही नसेल. तार अर्ध्यात आली की त्यालाच टेकायची.

चिमट्याने भाच्याने काढला. हात माझ्यापेक्षा स्थिर आहे त्याचा. मग तार परत जोडताना तिला मधे एक छोटा वळसा दिला, म्हणजे सर्वो थोडा जास्त ओढायला लागला तरी तो वळसा ताणला जाईल, दांडा नाही. आणि सर्वोची टोकं परत लावली. सर्वोला दर २० मिलिसेकंदांना एक पल्स जातो, १ ते २ मिलिसेकंद लांबीचा, १.५ म्हणजे मध्य, त्याची लांबी अगदी कणाकणाने कमी करत आणली, दांडा टेकल्यावर दाबत राहू नये, नुसता टेकावा इतकी. बरोबर बसलं की गुणगुण थांबते. "आता?" "अजून येतोय आवाज." "आता?" "थोडासा." "आता?" भाचा कान लावून बराच वेळ गप्प. "नाही."

मी फळीखाली पेन्सिलीने तारीख घातली आणि लिहिलं, "डावं फाटक, खडी. मोटर ठीक." त्याने पेन्सिल घेऊन खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. दोन्ही दांडे सावकाश, एकाच वेगाने खाली आले. आम्ही दोघं हनुवट्या फळीच्या कडेवर टेकवून बघत होतो. फाटकाशी उभी असलेली छोटी मोटार थांबली होती, सायकलवाला थांबला होता, सिग्नल हिरवा होता.

"मामा," भाचा म्हणाला, "गाडी कुठेय?"

गाडी कामाच्या टेबलावर होती. चाकं काढलेली.